डाव्या कोपऱ्याचा राखणदार

भातकापणी आटोपली, शेतातील ओल सुकली, की रायगड जिल्ह्यातील गावोगावची कबड्डीची मैदाने जागी होतात. नागोठण्याहून पेणकडे जा, रोह्याकडे जा, की अलिबागच्या किनाऱ्याकडे वळा. चोपून सपाट केलेल्या जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखलेल्या दिसतात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. अशा सामन्याला तुम्ही गेला असाल, तर आठवून पाहा, टाळ्या कोणाला पडतात? 'कबड्डी, कबड्डी' असा दम घुमवीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरणाऱ्या आणि एकदोघांना शिवून मध्यरेषेकडे झेप घेणाऱ्या चढाईपटूला. घरी परतताना मुलांच्या तोंडी त्याचेच नाव असते. कोपऱ्यात वाकून उभा असलेला, बराच वेळ नुसतीच पावले मागेपुढे करणारा गडी फारसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

या पाठात अशाच एका कोपऱ्यातल्या गड्याची हकिकत सांगावयाची आहे. तो आपल्या देशाचा नाही. इराण हा त्याचा देश आणि फझल अत्राचली हे त्याचे नाव. मुंबई आणि पुणे या दोन्ही नगरांच्या संघांचे नेतृत्व त्याने केले आणि आपल्या मातीतील हा खेळ खेळून तो आपल्यालाच भारी ठरला.

त्याची थोरवी कळावयाची, तर कोपऱ्यातील खेळाडूचे काम आधी समजून घेतले पाहिजे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात. प्रत्येक भागात मध्यरेषेपासून ३.७५ मीटर अंतरावर निदानरेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. चढाईपटूने निदानरेषा ओलांडली नाही, तर तो बाद होतो. म्हणून त्याला आत शिरणे भागच असते. समोर सहा किंवा सात गडी असताना त्याने एक पाय हवेत ठेवून दुसऱ्या पायाने बोनस रेषा ओलांडली, तर कोणाला न शिवताही एक गुण मिळतो. हे सारे त्याने ३० सेकंदांत आणि एका दमात करावयाचे असते.

आता कोपऱ्यातील गड्याच्या डोळ्यांनी पाहा. बोनससाठी चढाईपटूचा पाय लांबतो, तो बहुधा कोपऱ्याच्या बाजूस. त्या क्षणी शरीराचा सारा तोल मागच्या पायावर असतो. पुढचा घोटा निमिषभर जणू एकाकी पडलेला असतो. त्याच निमिषात कोपऱ्यातील गड्याने खाली झेपावून दोन्ही पंजांनी तो घोटा धरावयाचा, पाय आपल्या छातीशी ओढावयाचा आणि मदतीला साथीदार येऊन पडेपर्यंत सोडावयाचा नाही. हात अर्धा क्षण आधी निघाला, तर चढाईपटू सावध होऊन पाय आखडतो आणि जाता जाता शिवून जातो. अर्धा क्षण उशीर झाला, तर तो मध्यरेषेवर पोहोचलेला असतो. शिवाय फसलेल्या पकडीची किंमत दुहेरी असते. प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि आपला गडी मैदानाबाहेर जातो. चढाईपटू रिकाम्या हाताने परतला, तरी बहुधा त्याचे काही बिघडत नाही; पुन्हा पाळी येतेच. कोपऱ्यातील गड्याचे तसे नाही. म्हणून मोह आवरणे हाच त्याच्या कलेचा निम्मा भाग आहे, असे मला वाटते. पाच चढाया झाल्या, संधी आली नाही. तर पाचही वेळा हात आवरून धरावयाचा आणि सहाव्या वेळी मात्र कचरावयाचे नाही.

फझलचा जन्म १९९२ सालचा. इराणच्या उत्तर भागात दम धरून खेळावयाचा 'झू' नावाचा एक जुना खेळ आहे. त्यामुळे कबड्डी तेथे अगदीच परकी वाटली नाही. दुसरे असे की, इराण हा मल्लांचा देश आहे. समोरच्याचा पाय कसा उपटावा आणि त्याचे वजन त्याच्यावरच कसे उलटवावे, हे ज्ञान तेथे घरोघरी मुरलेले. कबड्डीतील पकड म्हणजे तरी दुसरे काय? आपल्याकडे चपळाईचे कौतुक अधिक झाले. इराणी खेळाडूंनी पकडीचे बळ आणले.

२०१४ साली भारतात प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि धंदेवाईक कबड्डीला प्रारंभ झाला. माती गेली, मॅट आली; अनवाणी पायांत बूट आले. नगरांच्या नावांचे संघ उभे राहिले आणि त्यांत परदेशी खेळाडूही घेण्यात येऊ लागले. २०१५ साली अनूप कुमारच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या 'यू मुंबा' संघाने विजेतेपद पटकाविले. अंतिम सामन्यात त्यांनी बंगळूरूच्या संघाला ३६–३० असे हरविले. त्या विजयी संघात फझल होता. पुढल्या वर्षी तो पाटण्याच्या संघात गेला. तोही संघ विजेता ठरला आणि त्या स्पर्धेतील सर्वोत्तम बचावपटूचा मान फझलला मिळाला. २०१७ साली तो गुजरातकडून खेळला. तेथे उजव्या कोपऱ्यात अबोझार मिघानी हा त्याचाच देशबंधू होता. दोन्ही कोपऱ्यांत दोन इराणी! चढाईपटूने पाय लांबवावा तरी कोणीकडे? गुजरातचा तो संघ नवा होता, तरी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

२०१८ साली मुंबईने त्याला १ कोटी रुपये देऊन परत आणले. या लीगमध्ये एवढी रक्कम त्याच्याआधी कोणासही मिळाली नव्हती. खेळाडूंच्या या निवडीला 'लिलाव' म्हणतात. जिवंत माणसाच्या बाबतीत हा शब्द माझ्या पिढीच्या कानांना अजूनही खटकतो. पण एक गोष्ट त्यातल्या त्यात समाधानाची वाटते. कबड्डीसारख्या खेळात पहिली कोटीची बोली चढाईपटूवर लागेल असे कोणीही म्हटले असते. ती लागली कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या गड्यावर.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्या स्पर्धांत १९९० साली कबड्डीचा समावेश झाल्यापासून पुरुषांची सातही सुवर्णपदके भारतानेच जिंकली होती. २०१४ साली इंचॉन येथील अंतिम सामन्यात इराणने भारताला जेरीस आणले होते, तरी २७–२५ असा निसटता विजय आपलाच झाला होता. जकार्त्यात मात्र उपांत्य सामन्यातच दोघांची गाठ पडली. आपले चढाईपटू जात आणि कोपऱ्यांत अडकत. ज्या चढाईपटूंचे पाय फझलने लीगमध्ये वर्षानुवर्षे पाहिले होते, तेच पाय त्याच्यासमोर होते. इराणने २७–१८ असा विजय मिळविला आणि दुसऱ्या दिवशी दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक नेले. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला २७–२४ असे हरविले. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक कोण होत्या, ठाऊक आहे? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन.

या पराभवानंतर देशात हळहळ झाली, ती स्वाभाविकच होती. पण तिच्याबरोबर एक तक्रारही ऐकू येऊ लागली. परक्यांना आपण घरी बोलाविले, आपल्या चढाईपटूंच्या खुब्या त्यांना दाखविल्या आणि त्यांनी आपल्याच खेळात आपल्याला हरविले. असे करून आपण काय मिळविले? ही तक्रार करणाऱ्यांत खेळाचे जाणकारही होते, म्हणून ती हसण्यावारी नेता येत नाही. तथापि तिची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. फझलने आपल्या चढाईपटूंचे पाय पाहिले हे खरे. पण आपल्या चढाईपटूंनीही त्याचे हात पाहिलेच की! सरावात आणि सामन्यांत अशा हातांतून ज्याला पाय सोडवून घ्यावा लागतो, तो चढाईपटू कच्चा कसा राहील? १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला जाऊन कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले, ते साऱ्या जगाने हा खेळ खेळावा म्हणूनच ना? जग खेळू लागले म्हणजे एखादे दिवशी ते जिंकणारही. ज्यात आपल्याशिवाय कोणीच जिंकू शकत नाही, त्या खेळाला जगाचा खेळ म्हणावे तरी कसे?

पुढे घडले ते तर अधिक मनोरंजक आहे. मुंबईकडून काही वर्षे खेळल्यावर २०२२ साली फझल 'पुणेरी पलटण' या संघाचा कर्णधार झाला. हा संघ कोवळ्या पोरांचा होता. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे हे चढाईपटू त्यात होते. तिशी गाठलेला हा परदेशी कर्णधार कोपऱ्यात उभा राहून त्यांना सांभाळीत असे. पुण्याचा संघ प्रथमच अंतिम सामन्यास पोहोचला. परंतु मुंबईत झालेल्या त्या सामन्यात जयपूरने ३३–२९ अशी बाजी मारली.

नंतरच्या वर्षी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धांचा अंतिम सामना झाला, पुन्हा भारत आणि इराण यांच्यातच. फझल इराणचा कर्णधार होता आणि भारतीय संघात अस्लम व आकाश होते. कालचा कर्णधार आज प्रतिपक्षात! गुणफलक २८–२८ असा बरोबरीत असताना, शेवटच्या मिनिटांत, पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद उद्भवला. तो कोणाला न शिवता राखीव पट्ट्यात गेला आणि त्याला धरण्यासाठी इराणचे गडीही त्या पट्ट्यात शिरले. अशा वेळी बाद कोण? जुना नियम एक सांगे, नवा दुसरे. पंचांनी निर्णय फिरविला, पुन्हा फिरविला; दोन्ही संघ मैदानातच बसून राहिले आणि सामना बराच वेळ थांबला. अखेरीस भारत ३३–२९ असा विजयी झाला. सुवर्णपदक परत आले, याचा आनंद आपणा सर्वांस झाला. पण इतका मोठा सामना नियमाच्या अर्थावरून अडावा, हे खेळाच्या थोरवीस शोभले नाही, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

फझल पुढेही खेळत राहिला. आधी गुजरात, मग बंगाल. २०२४ साली त्याने लीगमधील पकडींच्या ५०० गुणांचा टप्पा ओलांडला. तोवर कोणासही हे साधले नव्हते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या 'अव्वल पकडी'ला एक गुण अधिक मिळतो, तेही त्यात आले. फसलेल्या पकडींचा हिशेब मात्र प्रेक्षक ठेवीत नाहीत. तो ज्याचा त्यालाच ठाऊक असतो. गुडघ्यांवर पडून पडून आणि धावत्या देहाखाली सापडून ज्या खेळात शरीर लवकर झिजते, त्यात इतकी वर्षे एकाच कोपऱ्यात टिकणे ही गोष्ट सामान्य नव्हे.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस दिल्लीत लीगचा अंतिम सामना झाला. एका बाजूस दिल्ली, दुसऱ्या बाजूस पुणे. पुण्याचा कर्णधार आता अस्लम इनामदार होता. दिल्लीच्या संघात, वयाची तेहेतिशी उलटलेला फझल होता. ज्या पोरांना त्याने तीन वर्षांपूर्वी सांभाळले होते, तीच आता त्याच्यासमोर दम घुमवीत येत होती. सामना अगदी अखेरपर्यंत अटीतटीचा झाला. दिल्लीने तो ३१–२८ असा जिंकला.