मुलांचा विज्ञान प्रकल्प आणि बियाण्याचे पोते

शाळेतून चिठ्ठी येते : "पुढच्या सोमवारी विज्ञानाचा प्रकल्प आणणे." आई कामात, वडील शेतावर. चिठ्ठी दप्तरात चार दिवस पडून राहते आणि रविवारी संध्याकाळी धावपळ सुरू होते. वडील बाजारातून थर्माकोल व रंग आणतात. थोरला भाऊ रात्री जागून ज्वालामुखी उभा करतो. ज्याचा प्रकल्प तो तिसरीतला मुलगा तोपर्यंत झोपलेला असतो. सोमवारी तो ज्वालामुखी दोन्ही हातांत धरून शाळेत जातो व पाठ केलेली चार वाक्ये म्हणून दाखवतो. प्रदर्शनात मॉडेल देखणे दिसते, पण मुलाच्या पदरात काही पडत नाही.

यात पालकांचा हेतू वाईट नसतो. आपल्याला विज्ञान येत नाही, असा शेतकरी आईबापांचा ठाम समज असतो, म्हणून ते पैसे खर्चून मोकळे होतात. पण बियाणे, माती, पाणी, कीड यांत आपले आयुष्य गेले. लहान मुलाला लागणारे विज्ञान त्यातच भरपूर आहे. सीमाभागातल्या बहुतेक घरांत करता येईल असा एक प्रयोग येथे सविस्तर देत आहोत. त्याला शेतातले किंवा शेजाऱ्याकडचे सोयाबीन, एक जुने गोणपाट व पाणी एवढेच लागते.

सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार पातळ असते व त्याचा कोंब टरफलाच्या अगदी लगत असतो. मळणीत मार बसला किंवा पोते गाडीवरून आदळले, तर दाणा बाहेरून चांगला दिसतो, पण उगवत नाही. हे आपण ऐकलेले असते. मुलाने ते तपासून पाहावे.

एका वाटीत घरचे दाणे जसेच्या तसे घ्यावेत. दुसऱ्या वाटीत त्याच पोत्यातले दाणे घेऊन ते एका पिशवीत बांधावेत आणि मुलाने आपल्या डोक्याच्या उंचीवरून ती पिशवी फरशीवर दहा वेळा टाकावी. हे काम मुलांना फार आवडते ! मग प्रत्येक वाटीतले १०० दाणे मोजावेत. निवडून चांगले घेऊ नयेत, हाताला येतील ते घ्यावेत. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळावा व त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. वर दुसरा ओला तुकडा पसरून हलकी गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवावी. दोन्ही गुंडाळ्या एकाच जागी हव्यात व दोन्हींना पाणी सारखेच शिंपडावे. फरक फक्त आदळण्याचा राहिला पाहिजे. पाणीही जपून घालावे. गोणपाट ओलसर हवे, त्यातून पाणी निथळू नये, नाहीतर सोयाबीन कुजते.

रविवारी मिस्साहून आल्यावर सुरुवात केली, तर पुढच्या रविवारी-सोमवारी मोजणी करता येते. ज्याचे मूळही धड व कोंबही धड, तोच दाणा उगवलेला धरावा. वाकडेतिकडे, अर्धवट मोड आलेले दाणे वेगळे मोजावेत. १०० पैकी किती उगवले, हीच टक्केवारी. शेकड्याचा हिशेब न शिकलेल्या मुलालाही तो येथे समजतो.

आता पालकांचे काम. गोणपाट कापून द्यावे, पोते उतरवून द्यावे, रोज दहा मिनिटे शेजारी बसावे. प्रयोगाआधी विचारावे, "तुला काय वाटते, कुठले जास्त उगवतील ? का ?" उत्तर चुकीचे वाटले तरी दुरुस्त करू नये, वहीत तसेच लिहू द्यावे. पहिली-दुसरीतल्या मुलाने रोज चित्र काढावे आणि ताईने त्याच्याच शब्दांत खाली एक ओळ लिहावी. अक्षर वेडेवाकडे असले तरी नवी वही करून उतरवून काढू नये. आईला लिहितावाचता येत नसले तरी अडत नाही. बियाणे राखेत का ठेवायचे, ते मडक्यात का भरायचे, हे तिला विचारले तर मुलाच्या वहीत दोन पाने भरतील.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळावी : आकडे बदलायचे नाहीत. समजा, आदळलेले दाणेच जास्त उगवले. तेही लिहावे आणि पुन्हा एकदा करून पाहावे. कदाचित दाणे ओलसर असल्याने मार कमी बसला असेल, कदाचित मोजताना चूक झाली असेल. शिक्षकांना बरे वाटावे म्हणून आकडा फिरवायला आपणच शिकवला, तर पुढे मुलाला कशाबद्दल रागवणार ?

खानापूरकडच्या भाताच्या गावांत दुसरा प्रयोग करता येईल. एका पेल्यात ओल्या कापडावर भात व सोयाबीनचे दाणे ठेवावेत, दुसऱ्या पेल्यात तेच दाणे चार बोटे पाण्याखाली बुडवून ठेवावेत. पाण्याखाली सोयाबीन गुदमरून कुजते. भाताचा कोंब मात्र पाण्यातही वर येतो, पण मूळ नीट फुटत नाही. याचे कारण मुलाने शिक्षकांना विचारावे. बरणीत माती व पाणी हलवून ठेवण्याचा प्रयोगही सोपा आहे : वाळू मिनिटभरात तळाशी बसते, चिकणमातीला दिवसभर किंवा जास्त लागतो.

असे शिक्षण आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर होऊन गेले आहे. मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत 'होशंगाबाद विज्ञान' सुरू झाले. 'किशोर भारती' व रसूलियाचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी ते उभे केले. मुले गावातल्याच साध्या वस्तूंनी प्रयोग करीत व स्वतः निष्कर्ष काढीत. पुढे ते इतर जिल्ह्यांतही पोहोचले, पण २००२ साली सरकारने ते बंद केले. खेड्यातली मुले स्वतः प्रयोग करू शकतात, हे मात्र त्या तीस वर्षांत दिसून आले.

आरोग्याच्या दृष्टीने काळजी घ्यावी. दुकानातले गुलाबी किंवा निळा रंग लावलेले बियाणे मुलाच्या हाती मुळीच देऊ नये. त्याला औषध चोळलेले असते. घरचे, काही न लावलेलेच दाणे वापरावेत. गुंडाळीत बुरशी दिसली तर वास घेऊ नये, मोजणी झाल्यावर हात साबणाने धुवावेत. उरलेले दाणे खड्ड्यात पुरावेत, कोंबड्यांना टाकू नयेत.

वहीतला न आदळलेल्या दाण्यांचा आकडा वडिलांनीही उतरवून ठेवावा. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. त्या हिशेबाने एकरी ३० किलो बियाणे धरले आणि मुलाची मोजणी ६० टक्के आली, तर एकरी ३५ किलो पेरावे लागेल. उगवण फारच कमी भरली, तर ते पोते विकून दुसरे बियाणे पाहावे. मात्र मे अखेरीस पेरणीआधी हीच मोजणी पुन्हा एकदा करून घ्यावी, कारण साठवणीत सोयाबीनची उगवण उतरत जाते. तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि मुलगा तयार झालेला असतो.