मासिक पाळी : ऋतुचक्राची घडण आणि स्त्रीचे आरोग्य

दर महिन्यास होणारा रजःस्राव हा स्त्रीच्या शरीरात चाललेल्या एका दीर्घ घटनाक्रमाचा केवळ डोळ्यांना दिसणारा भाग होय. तो गर्भाशयातून बाहेर पडतो. म्हणून पाळीसंबंधी जी काही तक्रार असेल तिचे मूळ गर्भाशयातच असले पाहिजे, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती पुरती खरी नाही. पाळी केव्हा यावी याचे नियमन मेंदूच्या तळाशी आणि अंडाशयांत होते. त्या नियमनावर आहार, वजन, श्रम, मानसिक ताण, थायरॉईड ग्रंथीचे कार्य, क्षयासारखे जुने आजार अशा अनेक गोष्टींचा परिणाम घडतो. हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. तो न उमगल्यामुळे आपल्या राज्यातील हजारो श्रमिक स्त्रियांना काय सोसावे लागले, त्याचा विचार या लेखात पुढे करावयाचा आहे. तत्पूर्वी ऋतुचक्राची घडण पाहू.

चक्राची मोजणी आणि टप्पे

रजःस्रावाचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस मानतात आणि पुढील स्राव सुरू होण्याच्या आदल्या दिवशी चक्र पुरे होते. २८ दिवस ही सरासरी झाली. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्र स्वाभाविक समजावे. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली दोन-तीन वर्षे हे अंतर ४५ दिवसांपर्यंतही जाऊ शकते. कारण मेंदू व अंडाशय यांच्यातील देवाणघेवाण तोवर पक्की झालेली नसते. सातवी-आठवीतील मुलीची पाळी दीड महिन्याने आली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

मुलगी जन्मास येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख अपक्व अंडपेशी असतात. वयात येईपर्यंत त्यांपैकी तीन-चार लाख शिल्लक राहतात आणि पुऱ्या आयुष्यात जेमतेम ४०० ते ५०० पक्व होऊन बाहेर पडतात. चक्राच्या आरंभी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी पुटिका ग्रंथी संप्रेरक रक्तात सोडते. त्याच्या प्रभावाने अंडाशयातील काही पुटिका वाढू लागतात. त्यांपैकी एक पुढे जाते, बाकीच्या मागे पडून विरून जातात. वाढत्या पुटिकेतून इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाझरते आणि स्रावावाटे झडून गेलेले गर्भाशयाचे अस्तर त्यामुळे पुन्हा जाड होऊ लागते. इस्ट्रोजेनचे प्रमाण एका विशिष्ट पातळीवर काही काळ टिकले की पीयूषिका ग्रंथी ल्युटीनायझिंग संप्रेरकाचा एक मोठा लोंढा सोडते. त्यानंतर सुमारे दीड दिवसात पुटिका फुटते आणि अंडपेशी बाहेर पडते. यालाच अंडमोचन म्हणतात. या सुमारास अंगावरून पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव जातो. तो रोग नव्हे.

फुटलेल्या पुटिकेचे पीतपिंडात रूपांतर होते. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करतो. या संप्रेरकामुळे अस्तर मऊ व पोषक बनते, शरीराचे तापमानही ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढते. गर्भधारणा झाली नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, दोन्ही संप्रेरकांची पातळी एकदम उतरते, आधार सुटलेले अस्तर झडते आणि नवे चक्र सुरू होते. संप्रेरके उतरू लागतात त्या काळात काही स्त्रियांना चिडचिड, डोकेदुखी, स्तनांत जडपणा जाणवतो. त्यास स्वभावदोष ठरविण्याची घाई करू नये.

अंडमोचन नेमके केव्हा होते हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत वैद्यकासही ठाऊक नव्हते. जपानमधील निगाता येथील डॉ. क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये, तर ऑस्ट्रियातील डॉ. हेर्मान क्नाउस यांनी त्यानंतर काही वर्षांनी स्वतंत्रपणे असे दाखवून दिले की अंडमोचनाचा दिवस मागील पाळीवरून मोजून उपयोग नाही. तो पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी येतो. म्हणजे ३५ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीत तो चौदावा नसून एकविसाव्या दिवसाच्या आसपास असतो. पाळी लांबते तेव्हा बहुधा चक्राचा पूर्वार्ध लांबलेला असतो, आणि पूर्वार्ध लांबण्यास ताण, आजार, उपासमार अशी कारणे पुरतात. आपल्याकडे याच काळात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून (१९२७ ते १९५३) असे विषय मराठीत मांडत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, आणि त्यांपैकी एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. जीवशास्त्राच्या पुस्तकातील हा धडा आजही अनेक वर्गांत ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला जातो, हे पाहता तो संकोच पुरता गेला आहे असे म्हणवत नाही.

रक्त आणि लोह

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलीलिटर रक्त जाते. ८० मिलीलिटरहून अधिक गेल्यास तो अतिस्राव समजतात. आकडे लहान वाटतात, पण त्यांचा हिशेब करून पाहावा. रक्तातील हिमोग्लोबिन १२ ग्रॅम असलेल्या स्त्रीचे ४० मिलीलिटर रक्त गेले तर त्याबरोबर सुमारे १६ मिलीग्रॅम लोह जाते, ८० मिलीलिटर गेल्यास ३२ मिलीग्रॅम. भाकरी, डाळ व पालेभाजी यांतील लोहाचा फार थोडा हिस्सा आतड्यात शोषला जातो, आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास तोही घटतो. लिंबू, आवळा, पेरू यांनी शोषण वाढते. तरीही ज्या घरात स्त्री सर्वांत शेवटी व उरलेले जेवते तेथे ही तूट दर महिन्याला साचत जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे ते घटण्याऐवजी वाढले.

शाळांतून व अंगणवाड्यांतून किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा दिली जाणारी निळी गोळी ही याच तुटीसाठी आहे. तीत ६० मिलीग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. गोळी घेतल्यावर शौचास काळी होते, क्वचित मळमळते. हे आधी सांगितले नाही तर गोळ्या खिडकीबाहेर जातात, असा अनेक शाळांचा अनुभव आहे. जेवणानंतर घेतल्यास त्रास कमी होतो. मात्र ही गोळी प्रतिबंधासाठी आहे. जिचा स्राव सात-आठ दिवसांहून जास्त चालतो, जिला तासा-दोन तासांत कापड किंवा पॅड बदलावे लागते, जी फिकट दिसते, वर्गात पेंगते, जिना चढताना धापा टाकते, त्या मुलीस आठवड्याच्या गोळीने भागत नाही. तिची रक्ततपासणी होऊन पूर्ण उपचार मिळावयास हवेत. पहिल्या पाळीपासूनच असा अतिस्राव असेल तर रक्त गोठण्याच्या क्रियेतील जन्मजात दोष तर नाही ना, हेही डॉक्टर पाहतात.

पाळी काय सांगते

पाळी चुकली की प्रथम गर्भधारणेचा विचार करावा. ती नसेल तर मग इतर कारणे शोधावी लागतात. वजन एकाएकी घटले, पोटभर अन्न मिळेनासे झाले, किंवा अतिश्रम पडले तर मेंदू अंडाशयांना जाणारे संदेशच मंद करतो. शरीरात साठा नसताना गर्भाचा भार नको, अशीच ती व्यवस्था म्हणावी. उलट, वजन वाढत आहे, चेहऱ्यावर केस येत आहेत आणि पाळी दोन-तीन महिन्यांनी येत आहे, असे चित्र असेल तर अंडाशयांत अनेक पुटिका अर्धवट वाढून थांबण्याचा विकार, म्हणजे पी.सी.ओ.एस., संभवतो. यात इन्शुलिनचे कार्य बिघडलेले असते आणि पुढे मधुमेह होण्याचा धोका वाढतो. थायरॉईडचे कार्य मंदावल्यास स्राव वाढू शकतो. गर्भाशयाचा क्षय झाल्यास तो कमी होत जाऊन थांबू शकतो, आणि आपल्या देशात ही शक्यता विसरून चालत नाही. पंधरा वर्षे पुरी होऊनही पाळी आलीच नसेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. दोन पाळ्यांमध्ये, संबंधानंतर, अथवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त गेल्यास विनाविलंब तपासणी करावी. गर्भाशयमुखाचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग वेळीच ओळखण्याची ती संधी असते.

ओटीपोटात दुखणे हे अस्तरातून सुटणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यामुळे होते व साध्या वेदनाशामक औषधांनी बहुधा आटोक्यात येते. पण दर महिन्याला शाळा किंवा काम बुडावे इतकी वेदना ‘बाईच्या जातीला असतेच’ म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न

एवढे समजून घेतल्यावर बीड जिल्ह्यातील प्रकाराकडे वळू. या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत पहाटेपासून काम चालते, आणि एक दिवस काम बुडाले तर खाडा पडून पैसे कापले जातात. राहावयास फडाजवळची कोपी. तेथे शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही, कापड धुण्यास व वाळविण्यास आडोसा नाही. अशा स्थितीत पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे, आणि अंगावरून पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, कंबरदुखी या नित्याच्या तक्रारी. त्यांवर ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असा सल्ला काही ठिकाणी मिळत गेला.

२०१९ मध्ये या प्रकारास वाचा फुटल्यावर राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारणतः सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील वयोगट सारखे नसल्याने आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरी अंतर डोळ्यांआड करण्याजोगे नाही.

अंगावरून पांढरे जाणे हे बहुतेक वेळा स्वाभाविक असते किंवा औषधांनी बरा होणारा जंतुसंसर्ग असतो. त्यासाठी गर्भाशय काढणे म्हणजे नळाचे पाणी गढूळ आले म्हणून नळच उपटण्यासारखे आहे. मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, कर्करोग अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया आवश्यक ठरते आणि तेव्हा ती जीव वाचविते, हेही तितकेच खरे. परंतु गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली गेली तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी बंद पडते. हे संप्रेरक केवळ प्रजननाचे नाही. हाडांतील कॅल्शियम टिकविणे, रक्तवाहिन्यांची लवचिकता राखणे ही कामेही तेच करते. पंचेचाळिशीनंतर हळूहळू यावयाची रजोनिवृत्ती अठ्ठाविसाव्या वर्षी एकाएकी ओढवली तर हाडे ठिसूळ होतात, सांधे व पाठ दुखू लागते, अंगातून गरम वाफा येतात, झोप उडते, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशये राखली तरी रजोनिवृत्ती काही वर्षे आधी येण्याचा संभव असतो. खाडा चुकावा म्हणून जी शस्त्रक्रिया करून घेतली, तिच्यामुळेच पुढे मोळी उचलवेनाशी होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अंगीकाराव्यात असा आदेश दिला. चाळिशीच्या आतील स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांची छाननी करणाऱ्या समित्या जिल्हा व राज्य पातळीवर असाव्यात, हा त्यांतील गाभा आहे. ज्या गावांतून तोडीला माणसे जातात तेथील ग्रामपंचायत सदस्यांनी ही तरतूद माहीत करून घ्यावी. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या स्त्रीस उपजिल्हा अथवा जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घेण्यास पाठविणे, हे आशा कार्यकर्ती व सरपंच यांच्या आवाक्यातील काम आहे. सल्ला देणाऱ्यास तिने दोन प्रश्न विचारावेत : औषधांनी प्रयत्न झाला काय, आणि अंडाशये ठेवणार की काढणार?

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्या स्त्रियांकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. हंगामाहून परतल्यावर त्यांची रक्तदाब, रक्तशर्करा व हाडांची तपासणी व्हावी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व मिळावे, आणि अंडाशये काढलेल्या तरुण स्त्रियांना संप्रेरकांचे उपचार द्यावयाचे किंवा कसे याचा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञाने करावा. त्यासाठी शस्त्रक्रियेत नेमके काय काढले याचा कागद लागतो. तो अनेकींजवळ नसतो. रुग्णालयाकडून त्याची प्रत मागवून घेण्यापासून सुरुवात करता येईल.