चौल, रेवदंडा व कोर्लई: प्रवाशांकरिता एक पाठ

चिंचवड, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत काम करणारे आमचे पुष्कळ बंधू सुटीच्या दिवशी गाडी करून अलिबागेकडे समुद्र पाहावयास जातात. त्यांनी अवश्य जावे. परंतु वाटेत काय आहे हे ठाऊक असून जावे, ह्यास्तव हा पाठ लिहीत आहो.

लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांमागे कोरलेले बौद्धांचे चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे आहेत, व त्यांतील कित्येक आपणांस धेनुकाकट गावचे यवन म्हणवितात. यवन म्हणजे मुळात ग्रीक. हे लोक ह्या डोंगरात कोठून आले? ते घाटाखालील बंदरांतून आले असावेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, म्हणजे पौलाची पत्रे मंडळ्यांस जात होती त्याच सुमारास, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहिले. त्यास पेरिप्लस म्हणतात. त्यात सोपारा, कल्याण व चौल ही तिन्ही आहेत. चौलास तो सेमुल्ला म्हणतो. नवा करार लिहिला गेला तीच त्या काळची सर्वसाधारण ग्रीक भाषा ह्या पुस्तकाचीही आहे. परंतु कार्ल्याचे लेख ग्रीक नाहीत, प्राकृत आहेत. आणि एका यवनाचे नाव तर सिंहध्वज! परदेशी मनुष्याचे बोलणे व नाव दोन्ही येथील झाले.

घाट उतरून चौलास गेल्यावर मोठे बंदर शोधू नये. आता तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. शेजारी रेवदंड्यास पोर्तुगीज लोकांनी 1521 मध्ये बांधावयास घेतलेल्या कोटाच्या भिंती व बेने इस्राएलांचे सभास्थान आहे. हे लोक मराठी बोलू लागले, पण शब्बाथ सोडला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत.

कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. बहुतेक प्रवासी किल्ला व दीपगृह पाहून परततात, आणि गावात जे आहे ते राहून जाते. येथील ख्रिस्ती लोक घरात मराठी बोलत नाहीत. पोर्तुगीजांचा अंमल 1740 मध्ये उठला, त्यांचे अधिकारी गेले, पण गरीब बाप्तिस्मा घेतलेली कुटुंबे मागे राहिली. भोवतालच्या हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांशी सोयरीक नव्हती. म्हणून घरातली बोली घरातच टिकली. तीस ते नोउ लिंग, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज. परंतु क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाते. बोलणारे हजाराच्या आसपासच. मुले मराठी शिकतात, तरुण पोटासाठी बाहेर जातात, आणि शहरात ही बोली कोणाशी बोलावी?

हे लोक रोमन मंडळीचे आहेत. त्यांच्या व आपल्या रीती भिन्न आहेत. तो वाद ह्या पाठाचा विषय नव्हे. गावात गेल्यास 'जरा तुमची भाषा बोलून दाखवा' असे म्हणू नये. ते तमाशाचे माणूस नव्हेत. वडील मंडळींस नमस्कार करून मराठीत बोलावे. ते आपण होऊन काही सांगतील तर ऐकावे.

पाठ घेणाऱ्या शिक्षकाने मंडळीतील मुलांस एवढे विचारावे: तुमच्या आजीच्या तोंडचा असा कोणता शब्द आहे, जो तुमच्या घरात आता कोणी बोलत नाही?