गजकर्णाची बुरशी आणि निष्प्रभ होणारी औषधे

गजकर्ण अथवा नायटा हा आपल्याकडील फार जुना त्वचारोग होय. अंगावर वर्तुळाकार चट्टा उठतो. त्याची कड उंच व लालसर, तर मध्यभाग निवळलेला दिसतो. त्यास अतिशय खाज सुटते. किरकोळ समजला जाणारा हा विकार अलीकडच्या काळात मात्र चिवट झाला असून काही रुग्णांना महिनोन्महिने उपचार घ्यावे लागत आहेत.

संसर्ग कसा होतो?

त्वचेचा बाह्य थर, केस व नखे ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात. ही बुरशी केराटिनचे विघटन करणारी विकरे स्रवते आणि त्यावरच आपली उपजीविका करते. रुग्णाच्या स्पर्शाने, तसेच टॉवेल, कपडे व अंथरूण यांच्याद्वारे ती इतरांस लागते. उष्ण व दमट हवेत जांघा, काखा व कंबर येथे घाम साचून तिची वाढ झपाट्याने होते.

औषध का चालत नाही?

बुरशीच्या पेशींची रचना माणसाच्या पेशींशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे बुरशीस मारील, पण माणसास अपाय करणार नाही, अशी औषधे मोजकीच आहेत. एक फरक मात्र उपयोगी पडतो. माणसाच्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असते, तर बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन हे औषध एर्गोस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराचे कार्य रोखते व बुरशी नष्ट होते.

२०२० साली जपानमधील संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या बुरशीस ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. तिच्या अनेक वाणांत या विकराची घडण बदललेली असते. त्यामुळे टर्बिनाफिन त्यास नीट चिकटू शकत नाही. अशा वेळी वेगळ्या विकरावर कार्य करणारे इट्राकोनाझोल बहुधा गुणकारी ठरते. परंतु ते वैद्यकीय देखरेखीखालीच घेणे इष्ट.

मिश्र मलमांचा धोका

दुकानातून परस्पर आणलेल्या काही मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज व लाली लगेच शमते. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी आत पसरत राहते. चट्ट्याचे स्वरूप पालटल्याने रोगनिदानही अवघड होते. आराम पडताच औषध थांबविले, तर जे बीजाणू तग धरून राहतात तेच पुन्हा वाढतात. अर्धवट उपचार म्हणजे चिवट वाणांची जणू निवडच होय.

म्हणून चट्टा दिसताच डॉक्टरांस दाखवावा. चट्टे मावळले तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध चालू ठेवावे. कपडे सैल व सुती वापरावेत, ते रोज धुवून उन्हात वाळवावेत. घरात एकाहून अधिक जणांस विकार असल्यास सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. अन्यथा एकाचा बरा झालेला रोग दुसऱ्याकडून परत येतो.