मस्टर

हा शब्द मोठ्याने वाचा. म-स्ट-र. मधले अक्षर जोडाक्षर आहे. अर्धा स आणि पूर्ण ट. 'म'ला चुकून काना दिलात, तर 'मास्टर' होतो आणि मस्टर बाजूला राहते!

कामावर जाणारा माणूस हा शब्द रोज बोलतो. "माझं नाव मस्टरवर चढलं." "तुमच्या गावाचं मस्टर निघालं का?" शब्द इंग्रजी आहे. आपला शब्द हजेरी किंवा हजेरीपट.

इंग्रजीत याचा जुना अर्थ, माणसे गोळा करून मोजणे. पूर्वी इंग्लंडात शिपायांना असे उभे करीत आणि नावे पुकारीत. जितकी नावे, तितका पगार नायकाच्या हाती पडे. मग लबाड नायक काय करी? मेलेल्या शिपायांची नावे यादीत तशीच ठेवी आणि त्यांचा पगार आपण खाई. म्हणजे खोटे मस्टर काही आपल्याकडेच निघाले असे नाही.

महाराष्ट्रात १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे खडी फोडायला, बांध घालायला गेली. तेव्हा हा शब्द घरोघर पोचला. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला.

आता मस्टरचा कागद पाहू. डावीकडे नाव. त्यापुढे तारखांची घरे. आलात त्या दिवशी हजेरीची खूण, नाही आलात तर खाडा. मग एकूण दिवस, दर आणि रक्कम. मजुरी हातात मिळत असेल, तिथे शेवटी सही नाहीतर अंगठा.

पगाराचा दिवस आहे, असे समजा. मुकादम म्हणतो, "मावशी, अंगठा करा."

"थांब बाबा. आधी माझी ओळ वाचू दे."

"वाचून काय करता? बरोबरच लिवलंय."

"बारा दिवस मी आले. हितं दहाच हायेत. सोमवारी आन् मंगळवारी खाडा दावलाय. मंगळवारी तर तूच माझ्याकडं पाणी मागितलंस."

मुकादमाने पुन्हा पाहिले. खालच्या ओळीत त्याच नावाची दुसरी बाई होती. तिचे खाडे हिच्या नावापुढे पडले होते. दर ३०० रुपये धरला, तर दोन दिवसांचे ६०० रुपये होतात. मुकादम लबाड नव्हता. पण बाईने ओळ वाचली नसती, तर पैसे गेलेच होते.

अंगठ्याच्या घराला फार वजन आहे. तिथे अंगठा उठला, की पैसे मिळाले असे कागद बोलतो. मग तुम्ही तोंडाने कितीही सांगा. रकमेचे घर कोरे असेल तर अंगठा देऊ नका, सहीही करू नका.

पुढे रोजगार हमीची मजुरी बँकेत आणि पोस्टात जमा होऊ लागली. १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक कामांवर मोबाइलने फोटो काढून हजेरी घेण्याची सक्ती झाली. तरी दिवस मोजायचे राहिलेच, आणि चूक मोबाइलवरही होते.

घरी भिंतीवर कॅलेंडर असेल. कामावर गेलात त्या तारखेवर पेन्सिलीने रेघ मारा. नाही गेलात तर तारीख तशीच सोडा. मस्टर संपले की रेघा मोजा आणि मग मुकादमाकडे आपली ओळ पाहायला मागा.