साखरेत वास मुरवताना

भर जुलैत आमच्या ठाण्याच्या काकूंनी भाचीच्या वाढदिवसाला द्यायला लिंबाची साखर केली. ताजी साल किसली, साखरेत कालवली, लगेच बाटल्यांत भरून वर रिबिनी बांधल्या. आठवडाभरातच तळाशी पाक सुटला, वरच्या साखरेचा दगड झाला आणि झाकणाजवळच्या सालीला बुरशी आली. साहित्य उत्तम होतं, हातही सराईत होता. घात केला तो पाण्याने.

साखर ओल धरते, हे डब्यातल्या गुठळ्या फोडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. हवेतली आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या वर गेली की दाणा विरघळायलाच लागतो, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्यात एवढी आर्द्रता नेहमीचीच. त्यात ओली साल पडली, तर बाहेरच्या पावसाचीही गरज उरत नाही. साखरेत पदार्थ टिकतो, हे खरं. गुलकंद त्यामुळेच टिकतो. पण तिथे पाकळ्यांच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त साखर असते आणि बरणी उन्हात मुरते. सुगंधी साखरेच्या बाटलीत एखाद्या कोपऱ्यात पातळ पाक साचला, तरी बुरशीला तेवढी जागा पुरते.

लिंबाचा सुगंध सालीच्या पिवळ्या थरातल्या तेलाच्या बारीक पिशव्यांत असतो. खालचा पांढरा भाग कडू. फळ नीट धुऊन कोरडं पुसावं आणि बारीक किसणीवर फिरवत फक्त पिवळं काढावं. वाटीभर साखरेला दोन लिंबांची साल पुरे. ती साखरेत घालून चिमटीत चोळत राहायचं. दाण्यांच्या कडांनी त्या पिशव्या फुटतात, साखर भिजल्या वाळूसारखी होते आणि बोटं दरवळतात. पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळायचं नाही: साखर ताटात पातळ पसरून पंख्याखाली ठेवायची, अधूनमधून हात फिरवायचा आणि दाणे मोकळे वाजू लागले की मगच बरणीत भरायची. कडक उन्हात वाळवू नये, ओलीबरोबर वासही उडून जातो.

संत्र्याची साखरही अशीच होते. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्यात बाजारात येतो, मृग बहार त्यामागोमाग फेब्रुवारीपासून. तेव्हा हवा कोरडी असते, म्हणून वर्षभराची हौस या दिवसांतच भागवून घ्यावी.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरांनी ओलीचा प्रश्न येऊच दिला नव्हता. श्रीखंडाचं केशर गरम पळीत जरा शेकून चमचाभर साखरेबरोबर खलतात, ते याचसाठी. शेकल्याने काड्या कुरकुरीत होतात, साखरेच्या दाण्याने त्यांची पूड होते आणि रंग सगळीकडे सारखा उतरतो. वेलदोड्याचे चार दाणे मिक्सरमध्ये नुसतेच गरगरतात. साखर घातली की लगेच बारीक होतात. फक्त भांडं गरम झालेलं असतं, तेव्हा पूड पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नये. वाफ आतच जिरते आणि पिठीसाखरेचा गोळा होतो. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये थोडं कॉर्नफ्लोअर असतं ते गोळा होऊ नये म्हणूनच. घरीही वाटीला चमचाभर घालता येतं.

व्हॅनिलाची साखर करायला मात्र काहीच कष्ट नाहीत. शेंग चिरून, बिया खरवडून घेतल्यावर उरलेलं साल कोरडं करून साखरेत पुरून ठेवावं, दोन आठवड्यांत वास लागतो. शेंग महाग वाटते खरी, पण तेच साल पुढच्या साखरेलाही चालतं. या शेंगेचा वास मुख्यतः ज्यामुळे येतो ते व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार झालं 1874 साली, जर्मनीत. स्वस्त इसेन्समध्ये बहुधा तेच असतं, आणि ते द्रव असेल तर साखरेत पुन्हा ओल आलीच.

फुलांच्या बाबतीत मी जरा कडकच बोलेन. फुलवाल्याकडचे गुलाब खाण्यासाठी पिकवलेले नसतात, त्यांच्यावर कीटकनाशकं मारलेली असू शकतात. फवारणी न केलेला घरचा गावठी गुलाब सावलीत चुरचुरीत वाळवून वापरावा. कण्हेरीचं फूल कितीही सुंदर दिसलं तरी विषारी आहे, ते बरणीजवळही नको. अरोमाथेरपीची तेलंही खाण्याची नव्हेत.

जायफळाचं प्रमाणही सांभाळायला हवं. पुरणाला चिमूटभर शोभतं, पण चमचा-दोन चमचे पूड पोटात गेली तर मळमळ, घाबरल्यासारखं होणं, भास असे त्रास होऊ शकतात. वाटीभर साखरेला पाव चमचा भरपूर झाला. बाटली कुणाला भेट देणार असाल, तर चिठ्ठीवर पदार्थाच्या नावाबरोबर जायफळ किती घातलंय आणि बाटली कधी भरली, तेही लिहा.