टिकून राहणे व मंडळीची संगती

शास्त्रपाठ : इब्री लोकांस पत्र, अध्याय १०, वचने १९ ते ३९

हे पत्र ज्या मंडळीस लिहिले गेले ती कोणत्या नगरात होती हे पत्रात सांगितलेले नाही. लिहिणाऱ्यानेही आपले नाव दिलेले नाही. तथापि त्या मंडळीची स्थिती मात्र स्पष्ट दिसते, व ती आपल्या खेड्यांतील मंडळ्यांच्या स्थितीहून फारशी निराळी नाही. त्या लोकांस विश्वास धरून बरीच वर्षे लोटली होती. आरंभी त्यांनी मोठा छळ सोसला. चारचौघांत त्यांची निंदा झाली, काहींची चीजवस्तू लुटली गेली, काही बंदीत पडले. आणि जे मोकळे होते ते बंदीत पडलेल्यांच्या सोबतीस उभे राहिले (वचने ३२ ते ३४). लूटही त्यांनी आनंदाने सोसली, असे लेखक सांगतो. अशी ती मंडळी. आणि आता तिच्यातीलच कित्येकांस उपासनेस न येण्याची सवय जडली होती (वचन २५).

येथे वाचकाने थोडे थांबावे. जी मंडळी लुटीत डळमळली नाही ती पुढे ढिली का पडावी? मोठे संकट आले म्हणजे मनुष्य कंबर कसतो. परंतु सोयऱ्यांचे रोजचे टोमणे, मनात धरलेली आशा वर्षानुवर्षे लांबणीवर पडणे, घरची ओढाताण, ह्यांनी तो हळूहळू झिजतो. अध्याय १२ मध्ये लेखक गळालेल्या हातांविषयी व लटपटणाऱ्या गुडघ्यांविषयी बोलतो. असे हात व असे गुडघे दूरची वाट चालून थकलेल्याचे असतात. त्याच ठिकाणी तो वाट सरळ करावयास सांगतो, ती कोणासाठी? जो लंगडा आहे त्याचा पाय निखळू नये, उलट तो बरा व्हावा म्हणून (१२:१३). अर्थात धडधाकटांनी वाट नीट करावयाची ती लंगड्याच्या सोयीने.

आता वचने २२, २३ व २४ एकापाठोपाठ वाचावी. देवाजवळ जाणे, आशेची कबुली घट्ट धरणे, आणि एकमेकांकडे लक्ष देणे, अशा तीन गोष्टी तेथे सांगितल्या आहेत. तिन्ही ठिकाणी ‘आपण’ असे अनेकवचन आहे. ‘मी घरी बसून प्रार्थना करितो, माझा विश्वास कोठे गेला आहे?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. घरची प्रार्थना चांगलीच. पण कबुली घट्ट धरण्याचे काम लेखकाने एकट्यादुकट्याच्या मुठीवर सोपविलेले नाही. अध्याय ३, वचन १३ मध्ये तर तो प्रतिदिवशी एकमेकांस बोध करावयास सांगतो, नाही तर मन कठीण होते, आणि कठीण होत असताना ते ज्याचे त्यास कळत नाही.

वचन २४ मधील एका मूळ शब्दाकडे उपदेशकांचे लक्ष वेधावेसे वाटते. प्रीती व सत्कर्मे ह्यांकरिता एकमेकांस चेतविणे ह्या अर्थी तेथे हेल्लेणी भाषेत ‘पारॉक्सुस्मॉस’ हा शब्द आहे. हाच शब्द प्रेषितांच्या कृत्यांत (१५:३९) पौल व बर्णबा ह्यांच्यातील कडाक्याच्या वादास लाविला आहे, ज्या वादामुळे ते दोघे एकमेकांपासून वेगळे झाले. एकाच तापाने भांडणही पेटते व प्रीतीही पेटते. शेताच्या बांधावरून, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून, लग्नातील मानपानावरून आपण एकमेकांस किती लवकर पेटवितो, हे सांगावयास नको. आपल्या मंडळ्यांत जितकी माणसे छळाने गळाली त्यांहून अधिक ह्या मानपानाने गळाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरा शब्द वचन २५ मधील ‘सोडणे’ हा. संकटात पडलेल्यास टाकून जाणे, असा त्याचा भाव आहे. देमासाने पौलास सोडले (२ तीमथ्य ४:१०) तेथे हेच क्रियापद आहे. आणि ह्याच पत्राच्या १३ व्या अध्यायात (वचन ५), देव आपल्या लोकांस कधी टाकणार नाही असे जे अभिवचन आहे, त्यातही हेच क्रियापद आहे. तेव्हा जो मंडळीत येण्याचे सोडतो तो केवळ एक सभा चुकवितो असे नाही. देव जे आपल्याशी कधीच करणार नाही ते तो आपल्या भावांशी करितो. मात्र हेच माप मंडळीसही लावावे लागेल. न आलेल्याची चौकशी जिने केली नाही त्या मंडळीने त्यास सोडले, की त्याने तिला?

कारण न येणारे सर्व एकसारखे नसतात. दिवाळीच्या सुमारास गावोगावची कुटुंबे ऊसतोडीस निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याजवळ कोप्या घालून उन्हाळा लागेपर्यंत तेथेच राहावयाचे. पहाटेपूर्वी फडात जावयाचे, आणि गळीत चालू असता रविवार पाळता येत नाही. अशा बंधूचे नाव गैरहजरांच्या यादीत घालणे हा अन्याय आहे. तो मंडळीस सोडून गेलेला नाही, पोटामागे गेला आहे. बंदीत असलेल्यांची आठवण जणू आपणही त्यांच्याबरोबर बंदीत आहो अशी ठेवावी, असे हे पत्र सांगते (१३:३); उचलीत बांधलेल्यांसही ते लागू आहे.

तर उपदेशकाने काय करावे? गाड्या निघण्यापूर्वीच्या रविवारी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचे नाव घेऊन प्रार्थना करावी, लेकरांचीही नावे घ्यावी. कोण कोणत्या कारखान्यावर जात आहे ते लिहून ठेवावे व त्या भागातील मंडळीच्या पाळकास कळवावे. एका तळावर आपली दोन घरे असली तरी पुरे. रात्री भाकरी झाल्यावर एक गीत, थोडे शास्त्रवाचन व प्रार्थना एवढे त्यांनी करावे, आणि वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर ते काम तिच्याकडेच द्यावे. आता फोन बहुतेकांकडे असतो. शनिवारी रात्री गावाकडून चार शब्द कानी पडले तरी फडातल्या माणसास पुष्कळ धीर येतो. हे पत्र तरी दुसरे काय आहे? लेखक दूर होता, लवकर येऊन भेटण्याची त्यास आशा होती, तोपर्यंत त्याने लिहून धीर दिला. आणि ही मंडळी परत आली म्हणजे पहिला प्रश्न थकलेल्या वर्गणीचा नसावा. त्यांस प्रथम पुढे बसवावे.

दुसरे न येणारे म्हणजे मन दुखावलेले, किंवा भ्यालेले. त्यांच्या दारी जाताना वचने २६ ते ३१ हातात धरून जाऊ नये. तो इशारा खरा आहे, भयंकर आहे, आणि तो सर्व मंडळीस मिळून दिलेला आहे. एका दुबळ्या मनुष्यास अंगणात उभे करून वाचून दाखविण्यासाठी तो नाही. लेखक स्वतः त्या इशाऱ्यावर थांबत नाही. लागलीच, वचन ३२ पासून, तो त्यांस पूर्वीचे चांगले दिवस आठवून देतो. तसेच आपण करावे. ‘तुम्ही त्या साली आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसला होता’ असे एक वाक्य दहा ताकिदींहून अधिक काम करिते. देवही त्यांचे पूर्वीचे काम विसरत नाही असे ह्याच पत्रात आहे (६:१०).

घरातील एक जण आत व एक बाहेर अशी कुटुंबे आपल्यांत आहेत, त्यांच्याविषयी घाई करू नये. नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईस झाला, आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे त्या घराने काय सोसले ते बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ त स्वतः लिहिले आहे. ज्यांस वाचता येते त्यांनी ते अवश्य वाचावे.

ह्या पाठाच्या वेळी वर्गात मंडळीची नामावळी आणावी व ती मोठ्याने वाचावी. जे तीन महिन्यांत दिसले नाहीत त्यांच्या नावापाशी थांबून, त्यांच्याकडे कोण जाणार हे तेथेच ठरवावे. दोघांनी मिळून जावे, आणि त्यांपैकी एक तरी असा असावा की ज्याचे त्या घराशी कधी भांडण झालेले नाही. असा कोणीच न सापडल्यास ज्याचे भांडण झाले आहे त्यानेच आधी जावे. पुढील पाठाकरिता अध्याय ११ घरी वाचून ठेवावा.